मिनिटभर अंधार

भटूला विहिरीतून वर काढला तेव्हा त्याचं डोकं दोन ठिकाणी फुटलेलं होतं, आणि पोलीस पाटील म्हणतो काय, तर पाय घसरून पडला असेल! आता बोला. पाय घसरलेल्या माणसाचं डोकं पुढूनही फुटतं आणि मागूनही? धनसिंगनं धाकट्या भावाला स्वतःच्या हातांनी बाजेवर निजवला, कवटीतून झिरपणारं रक्त आपल्याच धोतरानं टिपलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच नाव घण घालत राहिलं. झुलाल.

हे नाव बोरखेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नरडाण्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवरचं ते गाव, आणि झुलाल गावचा विंचू उतरवणारा. धिप्पाड गडी, मुसळासारखी मनगटं, आणि त्यावर मंत्राची दहशत. एका आषाढात विंचू चावलेली एक पोर त्याच्या ओट्यावर तोंडातून फेस काढत पडली होती. भटूनं कोणाला न विचारता तिला उचललं, गाडीत घातलं आणि धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. पोर वाचली. गाव झुलालला हसलं. हसणाऱ्यांना काही झालं नाही, भटू मात्र चौथ्या दिवशी विहिरीत सापडला.

पोलिसांनी झुलालला नेलं आणि दोन महिन्यांत सोडलं, कारण विहिरीवर पाहणारं कोणी नव्हतं. सुटून आला तोही कसा? ढोल लावून! मिरवणूक मुद्दाम धनसिंगच्या दारापुढे थांबवली, मिशीवर ताव दिला आणि ओंजळभर गुलाल त्याच्या उंबऱ्यावर भिरकावला. धनसिंगच्या डोळ्यांत रक्त उतरलं. तो कुऱ्हाड घेऊन उठला, तशी त्याची आई झुंबरबाई दारात आडवी झाली आणि तिनं त्याच्या पायांना मिठी मारली.

"आज नही," ती दातओठ खात म्हणाली. "बठ्ठा गावना डोयासमोर मारशी तं तुले फाशी व्हई. एक पोऱ्या गया, दुसरा बी जाई. मार, मी नही म्हनत नही. पन आसा मार का मन्हा घरमा एक तरी आंडोर राही."

घरात एक तरी मुलगा उरला पाहिजे, म्हातारीचं एवढंच मागणं. धनसिंगनं ते मनाशी गाठ मारून ठेवलं. झुलाल मरायला हवा आणि आपण फासावर जाता कामा नये. पण झुलाल कुठे एकटा सापडेल तर शपथ! शेतात पुतणे सोबत, बाजारात पुतणे सोबत, परसाकडे जायचा तरी एकजण लांबवर काठी घेऊन उभा. वर्षभर धनसिंग त्या माणसाच्या मानेकडे नुसता बघत राहिला.

मग दिवाळी झाल्यावर लीलाधर मास्तरच्या घराची पडकी भिंत उभी करायचं काम त्याच्याकडे आलं. मास्तर जामनेरकडचा, एकटा राहायचा, शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात ग्रहणांची गणितं मोडायचा-जोडायचा. मागल्या साली चंद्रग्रहणाची वेळ पंचांगात एक आणि मास्तरच्या वहीत दुसरी. अख्खं गाव ओट्यांवर बसून राहिलं, आणि खरी ठरली मास्तरचीच. तेव्हापासून गावच्या जोशीबुवांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"धनसिंगभाऊ, हात धुवा आणि इकडे या," मास्तरनं आतून हाक मारली. त्याचा आवाज आनंदानं कापत होता. "तीन वर्षं खपलो याच्यासाठी. हे बघा. हे ग्रहण निघतं तेव्हा दूर समुद्रावर सूर्य बांगडीसारखा दिसेल, मधे काळा, कडेला उजेड. सरकत आपल्याकडे येईपर्यंत ती बांगडीसुद्धा विझेल. पुढे पूर्वेला गेलं की परत बांगडी. एकाच ग्रहणात दोन्ही जाती! फार विरळा योग. आणि काळी रेघ कुठून जाते? आपल्या तापीच्या खोऱ्यातून!"

"म्हंजे आठे अंधार पडी?"

"दुपारी बारा बेचाळीसला. मिनिटभर. चांदण्या दिसतील."

मिनिटभर! धनसिंग वहीवर वाकला. पानावर खाली चौकट होती आणि चौकटीत लिहिलं होतं: २०१४, माघ अमावास्या. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढं वाचता येत होतं. पुढे त्यानं एक अक्षर विचारलं नाही. जास्त विचारलं तर मास्तरला वास लागेल, असं त्याला वाटलं.

तिथंच घात झाला. विचारलं असतं तर हा सगळा रामरगाडा टळला असता. मास्तर पंचांगातला माणूस, त्याचं साल शकाचं. आणि धनसिंगचं साल कुठलं? नरडाण्याला रुपचंद शेठच्या कापसाच्या पेढीवर भिंतीला टांगलेलं असतं ते. ते संवताचं, गुजराती-मारवाड्यांचं, दिवाळीला बदलणारं. त्या भिंतीवर नव्या दिवाळीपासून लाल अक्षरांत २०१४ झळकत होतं, आणि कापूस घालायला जाणारं सगळं बोरखेडं तेच आपलं साल समजायचं. दोन सालांत अंतर एकशे पस्तीस वर्षांचं. मास्तर सांगत होता नातवंडांच्या नातवंडांची गोष्ट आणि धनसिंगनं धरली येती माघी अमावास्या. मास्तरचं गणित खरं की खोटं, ते त्या वेळच्या माणसांनी पाहावं. आपल्याला त्यात पडायचं नाही.

धनसिंगला त्यात अंधारापेक्षा मोठी गोष्ट दिसली होती. ग्रहणात बोरखेड्याची माणसं दारं लावून घरात बसतात. चूल नाही, पाणी नाही, गोठ्यातलं जनावर बाहेर निघत नाही. बाहेर असतो फक्त एकजण. मंत्र जाणणाऱ्याला ग्रहणात नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, डोळे मिटून मंत्र जागवावा लागतो, नाहीतर मंत्र मरतो. झुलाल दर ग्रहणाला हे करायचा, आणि एकटा करायचा, कारण मंत्र दुसऱ्याच्या कानावर पडलेला चालत नाही. पुतणेसुद्धा घरी.

एकटा झुलाल, मिटलेले डोळे, ओस नदी आणि वर मिनिटभर काळोख! कुऱ्हाडीच्या एका घावाला मिनिट लागतं कशाला?

आता ते गावभर करायचं काम उरलं. मास्तर धुळ्याला ट्रेनिंगला जाईपर्यंत थांबून धनसिंगनं ते चोख केलं. पारावर सांगितलं, पाणवठ्यावर आईकरवी पेरलं, रुपचंद शेठच्या पेढीवर चार कापूसवाल्यांदेखत बोलला. "मास्तरनी काढेल शे. दोन जातनं गिराण, एकच दिनमा. सूर्य पुरा मरस." जोशीबुवा म्हणाले, पंचांगात असलं काही नाही. लोक म्हणाले, तुमच्या पंचांगाचं मागच्या खेपेला पाहिलंय की! मास्तरला विचारावं तर तो महिनाभर धुळ्याला. गोष्ट तोंडातोंडी फुगत गेली आणि माघ अर्धा होईपर्यंत गावाची गाळण उडाली. गरोदर बायांना तर आठवडाभर आधीच कोपऱ्यात बसवलं. त्यात झुलालची सूनही होती, नववा सरत आलेली.

धनसिंग नाल्यात जाऊन बाभळीच्या ओंडक्यावर घाव घालायचा. एक श्वास, एक घाव. ओंडका दुभंगला की त्याला झुलालची मान दिसायची आणि छाती हलकी व्हायची. हेही खरंच, लपवायचं काय?

अमावास्या उजाडली. सकाळपासून वेध पाळले, माठ उपडे झाले, दारं लागली. गावात कुत्रंसुद्धा ओरडेना. धनसिंग मागच्या कुडातून निघाला आणि नदीच्या उतारावर बाभळीच्या दाट झुडपात कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला. अकराच्या सुमाराला झुलाल आला, उघडा, कमरेला पंचा, हातात दंडा. दंडा काठाला रोवून तो पाण्यात शिरला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागला. मधे वीस पावलं अंतर. धनसिंगनं भटूचं नाव घेतलं आणि वर पाहिलं.

ऊन लखलखत होतं.

बारा झाले असतील. मग साडेबारा. सावली पायाशी आली, मग दुसऱ्या बाजूला सरकायला लागली. सूर्याला ओरखडासुद्धा नाही! धनसिंगचं डोकं तापून निघालं. अंधार पडल्याशिवाय उठायचं नाही हे त्यानं ठरवलेलं, आणि ग्रहण सुटल्याशिवाय पाण्याबाहेर यायचं नाही ही झुलालची आण. एक डोळे फाडून बसलेला, एक डोळे मिटून उभा, आणि वर सूर्य दोघांच्या नाकावर टिच्चून तळपतोय.

दोनच्या पुढे गावाकडून कालवा ऐकू आला. काठ्या घेतलेली तीस-चाळीस माणसं उतारावरून धावत येत होती, पुढे झुलालचा पुतण्या ऊर बडवत.

"काका! सूनले पहाटपासून कळा व्हत्यात! गिराण म्हनीसन दार उघडं नही, सुईनले कोनी बलावं नही! नातू मरी गया, काका! आन सूर्य ते दखा, कसा तपी ऱ्हायना!"

झुलालनं डोळे उघडले. एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा वर. ते पोर कोणी मारलं, हे त्या नदीवर धनसिंगला एकट्यालाच ठाऊक होतं.

आणि नशिबाचा खेळ बघा, नेमका त्याच वेळी पलीकडच्या काठावरून, स्टेशनाच्या वाटेनं, लीलाधर मास्तर येताना दिसला. धोतर वर खोचलेलं, डोक्यावर छत्री, बगलेत वही. ट्रेनिंग संपवून गडी हसत हसत गावी परतत होता. पाण्यातून अलीकडे आला आणि माणसांनी त्याला घेरलं.

"कोठे शे तुन्हं गिराण?"

"कसलं ग्रहण?" मास्तर म्हणाला. मग कोणीतरी साल सांगितलं, अमावास्या सांगितली, आणि मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं वही उघडून नाचवली. "अहो, हे शके दोन हजार चौदा! शके! अजून एकशे पस्तीस वर्षं आहेत! मी असं कधी म्हटलं? कोणी सांगितलं तुम्हाला?"

झुडपात धनसिंगला रुपचंद शेठच्या भिंतीवरची लाल अक्षरं आठवली.

"मन्हा नातू मरी गया, आन हाऊ वरसं मोजस!" झुलाल मागून पाण्याबाहेर आला होता. त्यानं काठावरचा दंडा उपटला आणि दोन्ही हातांनी मास्तरच्या डोक्यात घातला. मास्तर तोंडावर वाळूत पडला. चष्मा उडाला, छत्री प्रवाहाला लागली. मग सगळे तुटून पडले. लाथा, काठ्या, हाताला येईल तो धोंडा. दिवसभराची तहान, भूक, भीती त्या एका देहावर निघत होती. पाठीवर पडणारा घाव ओल्या पोत्यावर पडल्यासारखा वाजत होता. मास्तर आधी ओरडत होता, मग नुसता कण्हायला लागला, मग तेही थांबलं.

धनसिंग बसून होता. आणि बसल्या बसल्या त्याला लख्ख कळलं, की आपण असेच बसून राहिलो तर आपलं काम फुकटात होतंय. झुलाल मास्तरला मारील. सरकारी शाळेचा मास्तर, भटूसारखा कोणी वाऱ्यावरचा नाही. वरून चौकशी येईल, झुलाल फासावर जाईल, आपल्या हाताला रक्ताचा थेंब नाही आणि आईच्या घरात मुलगा राहील. बस फक्त. हलू नकोस.

तेवढ्यात झुलालनं दंडा फेकला, दोन हातांनी एक धोंडा छातीपर्यंत उचलला आणि मास्तरच्या डोक्यावर नेमून उभा राहिला. धनसिंगला विहिरीतून काढलेलं डोकं दिसलं. तो उठला. का उठला ते त्याला पुढे कोठडीतही धड सांगता आलं नाही. उठला, वीस पावलं धावला, आणि नाल्यात हजार वेळा घातलेला घाव झुलालच्या मानेत बसला. धोंडा झुलालच्या स्वतःच्याच पायावर पडला आणि त्यावर झुलाल पडला. रक्ताची चिळकांडी धनसिंगच्या तोंडावर आली. ती गरम होती आणि त्यानं दीड वर्ष वाट पाहिलेला आनंद तिच्यात कुठेच नव्हता.

मग काठ्या खाली पडल्या आणि माणसं पांगली. पुतण्यासुद्धा पळाला. सांगतो म्हणून नवल वाटेल, पण बोटं मोजेपर्यंत नदी मोकळी झाली.

धनसिंगनं मास्तरला उताणं केलं. श्वास चालू होता. त्यानं त्याला खांद्यावर टाकलं आणि दोन कोस चालत नरडाण्याला नेलं, आग्रा रोडवर मालट्रक थांबवला आणि धुळ्याच्या दवाखान्यात पोचवलं. कुऱ्हाड कमरेलाच होती. डॉक्टरनं विचारलं, हे रक्त कुणाचं? यानं सरळ सांगून टाकलं. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. मास्तरचा जीव वाचवला, गावानं पाहिलं, आता भ्यायचं कशाला? त्याचा वकीलही म्हणाला, दुसऱ्याचा जीव वाचवताना वार केला असेल तर सुटशील. फक्त कोणीतरी पाहिलं म्हणून सांगायला हवं.

खटला धुळ्याला उभा राहिला. बोरखेड्याची माणसं एकेक करून पिंजऱ्यात चढली.

"त्या दिन गिराण व्हतं ना, साहेब. आम्ही बठ्ठा दार लाईसन घरमा व्हतूत."

"अहो, पण ग्रहण लागलंच नव्हतं!" वकील ओरडला.

"ते आम्हले काय ठाऊक? आम्ही बाहेर दखंच नही."

एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, अकरा जणांनी सांगितलं. मास्तरच्या अंगावर काठी कोणी घातली हे उघडं पडायला कोणाला हवं होतं? नदीवर कोणीच नव्हतं. झुलालचा पुतण्या काकाच्या रक्ताची शपथ घेऊन म्हणाला, मी घरी मेलेल्या पोराजवळ बसलो होतो. रुपचंद शेठनं मात्र खरं ते सांगितलं, की ग्रहणाची आवई धनसिंगनंच पिकवली होती. सरकारी वकिलाचं काम सोपं झालं. आवई पिकवली, वैऱ्याला एकटा गाठला, तोडला, आणि वाटेनं येणाऱ्या मास्तरनं पाहिलं म्हणून त्यालाही ठेचला. मग घाबरून दवाखान्यात नेला.

उरला मास्तर. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी झुंबरबाईनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "भाऊ, झुलालले तू दखं म्हनीसन सांग. तो धोंडा दखा म्हन. एक डाव खोटं बोल." मास्तरनं काहीच पाहिलं नव्हतं. पहिला घाव मागून बसला, चष्मा गेला, तोंड वाळूत. पण तो म्हणाला, "बोलेन, आजी."

आणि बोलला. डोक्याला पट्टी, हात गळ्यात बांधलेला, आणि मास्तरनं आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर खोटं सांगितलं. "झुलालनं धोंडा उचलला, तेव्हा धनसिंग आला. मी पाहिलं."

"कुठल्या हातानं उचलला?" सरकारी वकिलानं विचारलं.

"उजव्या."

"मणभराचा धोंडा, एका हातानं?"

मास्तरनं गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"तुम्ही पालथे होता की उताणे?"

"पालथा."

"चष्मा होता?"

"नव्हता."

"मग पाहिलं म्हणता ते कशानं पाहिलं?"

हजार वर्षांची ग्रहणं मोजणाऱ्या माणसाला दोन मिनिटांचं खोटं जुळवता येईना. तो रडायला लागला. "मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "पण गाव होतं तिथं. सगळं गाव होतं, साहेब!" आता ते कोण ऐकतो? शपथेवर खोटं बोललेल्या माणसाचं खरंही खोट्यातच गेलं.

धनसिंगला शेवटी विचारलं, काही सांगायचंय का. तो उभा राहिला. एकही साक्षीदार नको म्हणून त्यानं आकाशातला अंधार धुंडाळला होता, आणि आता अख्ख्या जिल्ह्यात एक साक्षीदार मिळेना. "साहेब, त्या दिन ऊन व्हतं," तो म्हणाला. "बठ्ठास्नी दखं."

सगळ्यांनी पाहिलं, हेही न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि फाशी सुनावली.

बेड्या घालून शिपाई त्याला बाहेर घेऊन निघाले तेव्हा व्हरांड्यात आई उभी होती आणि तिच्यापुढे मान खाली घालून मास्तर. झुंबरबाई रडत नव्हती, ओरडत नव्हती. तिनं मास्तरच्या डोक्याच्या पट्टीवरून हात फिरवला, आईनं फिरवावा तसा, आणि सावकाश म्हणाली, "भाऊ, त्या दिन तू मरी जाता ना, तं मन्हा आंडोर वाची जाता."

मास्तरनं मान हलवली, हो म्हणून. धनसिंगनं ते पाहिलं.